यंत्राचा नंदादीप

काम संपलें कीं यंत्र बंद करावें, म्हणजे वीजहि वांचते आणि यंत्रहि टिकतें, हा व्यवहाराचा साधा नियम होय. परंतु रेडिओ, ध्वनिवर्धक व टेलिफोनची यंत्रणा यांच्या पोटांत कांचेचे व्हॉल्व्ह असत, त्या काळांत या नियमाची एकदां मोठी परीक्षा झाली.

व्हॉल्व्हमधील तंतु थंड असतां विजेला फारसा विरोध करीत नाहीं. म्हणून कळ दाबतांच नेहमींपेक्षां कितीतरी अधिक प्रवाह त्यांतून धांवतो. तंतु तापून प्रसरतो, निवतांना आकुंचन पावतो. कांच व धातु यांच्या सांध्यांवरहि ताण पडतो. या चढउतारांतच पुष्कळ व्हॉल्व्ह निकामी होतात.

हें मर्म टॉमी फ्लॉवर्स या इंग्रज इंजिनिअरानें ओळखलें. लंडनच्या एका गवंड्याच्या घरीं १९०५ सालीं जन्मलेला हा गृहस्थ डॉलिस हिल येथील टपालखात्याच्या संशोधनशाळेंत टेलिफोनचें काम करी. अखंड चालू ठेवलेले व्हॉल्व्ह दीर्घकाळ टिकतात, असें त्याला तेथें दिसून आलें.

१९४३ सालीं ब्लेचली पार्क येथें जर्मनांच्या लॉरेन्झ यंत्रावरील गुप्त संदेश उलगडण्याचा उद्योग चालला होता. त्यासाठीं फ्लॉवर्सनें सुमारें १६०० व्हॉल्व्हांचें यंत्र योजिलें. इतक्या व्हॉल्व्हांपैकीं एक ना एक सारखा बिघडत राहील, अशी जाणत्यांची शंका होती. फ्लॉवर्सचें उत्तर एवढेंच कीं, यंत्र एकदां चालू केल्यावर बंद करूं नये. त्याच्या वरिष्ठांनीं त्याला पाठिंबा दिला. १९४४ च्या जानेवारींत हें 'कलॉसस' यंत्र ब्लेचलीस पोहोंचलें. २४०० व्हॉल्व्हांचें सुधारलेलें यंत्र १ जून रोजीं, म्हणजे नॉर्मंडीच्या स्वारीपूर्वीं पांच दिवस, कामाला लागलें. युद्धाच्या अखेरीस अशीं दहा यंत्रें रात्रंदिवस राबत होतीं. तरी गुप्ततेच्या बंधनामुळें १९७० नंतरच्या दशकापर्यंत फ्लॉवर्सचें हें कर्तृत्व जगाला कळलें नाहीं.

अमेरिकेंतील १७,००० हून अधिक व्हॉल्व्हांच्या 'एनिॲक' यंत्राच्या चालकांनाहि असाच अनुभव आला.

मात्र यावरून घरचा जुना रेडिओ अहोरात्र चालू ठेवावा, असें ठरत नाहीं. तापलेल्या व्हॉल्व्हचेंहि आयुष्य हळूहळू झिजतच असतें. दोन तासांच्या गाण्यासाठीं बावीस तास तो जाळणें हा निव्वळ अपव्यय होय. ट्रान्झिस्टरांत तर तापणारा तंतुच नसतो. जेथें क्षणाचा खंड घातक, तेथें नंदादीप. इतरत्र काम सरतांच दिवा मालवावा, हेंच शहाणपण.