शिकणारीचा खर्च कोणी सोसायचा?



आमच्या गटाचं शिलाईचं छोटं केंद्र आहे, चार मशिनींचं. दोन वर्षांपूर्वी आम्ही गावातल्या एका मुलीला शिकायला ठेवलं. पहिले तीन महिने कापड नासलं, उसवण्यात आमचा वेळ गेला. तिचा हात बसला आणि तिचं लग्न ठरलं. आता कुणालाच शिकवायचं नाही, असं आम्ही रागानं बोललो.

पण ही अडचण आपल्या एकट्याची नाही, फार जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत कारागिराकडे शिकणाऱ्यासाठी नियम दिला आहे. त्यानं गुरूच्या घरी राहायचं, गुरूनं जेवू घालायचं. काम लवकर आलं तरी ठरलेली मुदत पुरी करायची आणि तोवरच्या कामाची कमाई गुरूला द्यायची. म्हणजे आधी शिकवणाऱ्यानं सोसायचं, मग शिकणाऱ्यानं फेडायचं.

पुढे इंग्रजांच्या राज्यात १८५० साली उमेदवारीचा कायदा झाला. दहा वर्षांवरच्या आणि अठराच्या आतल्या मुलांना, विशेषतः अनाथ आणि गरिबांच्या मुलांना, करार करून धंदा शिकायला ठेवता येई. मुदत जास्तीत जास्त सात वर्षं. मुलींसाठी मात्र वेगळी अट होती : लग्न झालं की करार संपला!

स्वतंत्र भारतात १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा नवा कायदा आला. त्यात वय किमान चौदा, करार लेखी आणि दरमहा विद्यावेतन देणं बंधनकारक. २०१६ साली केंद्र सरकारनं योजना आणली. नोंदणी केलेल्या धंद्याला विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकारकडून मिळू लागला. पण नासलेलं कापड आणि शिकवणारीचा वेळ धंद्याच्याच माथी राहतो.

मग आम्ही हिशेब मांडला. आता नव्या मुलीला आधी जुन्या साड्यांवर हात बसवायला देतो. किती महिने शिकायचं, पैसे कधीपासून, हे तिच्या आईसमोर वहीत लिहितो. मुलीचं लग्न होईल, हेही धरूनच चालतो.

आणि ती पहिली मुलगी? जूनमध्ये शाळेच्या गणवेशांची घाई होती. ती माहेरी आली होती. चार दिवस आमच्याबरोबर मशिनीवर बसली. तिची मजुरी आम्ही हातात दिली. तेव्हा कळलं, शिकवलेलं सगळंच वाया गेलं नव्हतं.

तुमच्या गटातही वही उघडा. शिकवण्याचा खर्च एका पानावर लिहा, आणि शिकलेल्या हातांनी केलेलं काम दुसऱ्या पानावर.