सिल्वासा ते नागपूर : अंतर आणि विमानाचा खरा वेळ

आपल्या मंडळात विदर्भातली बरीच कुटुंबे आहेत. सिल्वासा ते नागपूर विमानाने किती वेळ लागतो, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

दोन्ही शहरांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे 640 किमी आहे. या अंतराला ताशी 800 किमीने भागून त्यात चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवला की सव्वा तास येतो. इंटरनेटवर दिसणारा आकडा असाच काढलेला असतो. पण सिल्वाशाला विमानतळच नाही. जवळच्या दमणचा विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे, तिथून नागपूरचे तिकीट मिळत नाही. म्हणून बहुतेकांना मुंबईच गाठावी लागते.

घरापासून हिशेब असा :

- घर ते वापी स्टेशन (सुमारे 18 किमी) : पाऊण तास
- वापी ते बोरिवली, रेल्वेने : सुमारे 2 तास
- बोरिवली ते मुंबई विमानतळ : 1 तास
- उड्डाणाआधी हजेरी : 2 तास
- मुंबई–नागपूर उड्डाण : सुमारे दीड तास
- सोनेगाव विमानतळावरून बाहेर पडणे : अर्धा तास

बेरीज पावणेआठ तास. गाडीची वाट पाहणे धरले की नऊ तास समजावेत.

मोटारीने नाशिक, शिर्डी आणि पुढे समृद्धी महामार्ग असे सुमारे 750 किमी होतात. त्यातला शिर्डी–नागपूर टप्पा 520 किमीचा असून तो डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला. नाशिकपर्यंतचा रस्ता घाटाचा आहे, त्यामुळे एकूण 11 ते 12 तास धरावेत. पावसाळ्यात आणखी जास्त.

रेल्वेने जायचे तर वापीहून सुरत आणि तिथून भुसावळमार्गे नागपूर. सुरत–नागपूर अंतर सुमारे सव्वासातशे किमी आहे. यात एक अख्खी रात्र जाते, पण वयस्कर माणसांना हाच प्रवास सोसतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे नागपूरहून पहाटे निधनाचा फोन आला. 'विमानाने येतो, दुपारपर्यंत पोचतो,' असे आम्ही सांगून बसलो. तिकडे सगळे खोळंबले. आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि त्यांना आमच्याविना अंत्यसंस्कार उरकावे लागले होते. चूक कोणाची नव्हती, आमचा हिशेबच अर्धा होता.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर तिकिटावरचा वेळ म्हणजे नुसते मुद्दल. व्याज आणि इतर आकार वेगळे. म्हणून अडीअडचणीला निघताना आधी उड्डाणाची वेळ पाहा, तिच्यातून सहा-सात तास मागे मोजा आणि मगच तिकीट काढा. तिकडच्या माणसांनाही नऊ तासच सांगा. लवकर पोचलात तर आनंदच आहे.