सावली, व्याज आणि त्रैराशिक

चाळीसगाव तालुक्यात मी गणित शिकवतो, आणि याच तालुक्यातल्या पाटणचा शिलालेख मला आपल्या विषयाचा सातबारा वाटतो. १२०७ सालचा हा लेख. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी. त्यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ वंशातल्या सोईदेवानं त्याला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या करांपैकी मठाला काय मिळायचं, ते त्यात नोंदलेलं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांपुढे आणला.

त्या मठात शिकवायच्या ‘लीलावती’तलं एक उदाहरण मी दहावीला समरूपता शिकवताना हमखास घेतो. दिवा साडेतीन हात उंच, त्याच्या बुडापासून तीन हातांवर बारा अंगुळांचा शंकू म्हणजे उभी खुंटी, तर तिची सावली किती? हात म्हणजे चोवीस अंगुळं. दिव्याची उंची ८४, अंतर ७२. दिव्याच्या उंचीतून शंकूची उंची वजा केली की उरतात ७२. आता ७२ उंचीला ७२ पाया, तर १२ उंचीला किती? १२ अंगुळं. दोन समरूप त्रिकोण आणि एक त्रैराशिक, संपलं गणित.

त्याच ग्रंथात व्याजही आहे. शंभराला महिन्याला पाच, तर सोळांना वर्षाला किती? नऊ पूर्णांक तीन पंचमांश. हे सरळव्याज. व्याजावरच्या व्याजाचं गणित ‘लीलावती’हून जुनं आहे. आर्यभटानं ४९९ च्या सुमारास त्यासाठी सूत्र दिलं. त्या सूत्रावरच्या टीकेतलं एक उदाहरण असं: शंभराचं महिन्याचं व्याज त्याच दरानं सहा महिने फिरवलं आणि व्याज व त्यावरचं व्याज मिळून सोळा झाले. महिन्याचं व्याज दहा, त्यावर सहा महिन्यांचे सहा. ते शोधायला वर्गसमीकरण सोडवावं लागतं.

मुलांना सावली दिसते, चक्रवाढ दिसत नाही. म्हणून मी फळ्यावर एका बिंदूतून दोन किरण काढतो. खालच्यावर १०० आणि वरच्यावर ११० मोजून खुणा जोडतो. मग खालच्या किरणावर ११० घेऊन त्या रेघेला समांतर रेघ काढली की वर १२१ मिळतात. पुन्हा तसंच केलं की १३३.१०. दर साल दर शेकडा दहानं वाढणारी रास अशी समरूप त्रिकोणांतून उभी राहते. सातव्या वर्षी १९४.८७, आठव्या वर्षी २१४.३६.

तिथे २०० वर मी लाल खूण करतो. ती दामदुपटीची. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाहून जास्त असू नये, हा आपल्या धर्मशास्त्राचा दंडक. पण थकलेलं व्याज मुद्दलात मिसळून नवा रोखा लिहून घेतला की ती खूण पुढे सरकायची. कुणब्याच्या अंगठ्याखाली नेमकी हीच चक्रवाढ असायची. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले गेले, त्यामागे असेही हिशेब होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानं मूळ कर्जापासूनचा हिशेब तपासायची मुभा कोर्टाला दिली. म्हणजे कोर्टानंही पहिल्या त्रिकोणापासून मोजायचं.

जवळजवळ सारं गणित त्रैराशिकानं व्यापलेलं आहे, असं भास्कराचार्य सांगून गेले. समरूपतेत त्रैराशिक एकदा लागतं, चक्रवाढीत पुन्हापुन्हा. आपण मात्र एक भूमितीच्या पुस्तकात ठेवतो, दुसरं अंकगणिताच्या, आणि मुलं दोन निराळी सूत्रं घोकतात. ही दोन्ही गणितं शेजारी शेजारी शिकवावीत, हा माझा आग्रह आहे. जिथे बाजाराच्या करावर गणिताचा मठ चालला, त्या पाटणच्या पोरांना रोख्यावर सही करण्यापूर्वी स्वतः ती लाल खूण काढता आलीच पाहिजे.