माजघरातली पेटी आणि रस्त्यावरचे दार

कुटुंबाचे फोटो, आजीच्या आवाजातील ध्वनिमुद्रण, शिक्षकाच्या घरी असलेली दहा वर्षांची निकालपत्रके हे सारे आता कपाटाऐवजी हार्डडिस्कवर असते. घरातील सर्व संगणकांना आणि मोबाइलना एकाच ठिकाणी फाइली ठेवता याव्यात म्हणून बाजारात एक लहानशी पेटी मिळते. आत एक-दोन हार्डडिस्क आणि राउटरला जोडायची एक तार. तिला नेटवर्क स्टोरेज किंवा थोडक्यात 'नॅस' म्हणतात. पडदा आणि कळफलक नसल्यामुळे हा एक पूर्ण संगणक आहे, हे आपल्या सहज ध्यानात येत नाही. तो रचणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: भिंतीच्या आत जो आहे तो घरचाच.

ही भिंत मुळात सुरक्षेसाठी बांधलेली नव्हती. इंटरनेटवरील पत्ता ३२ द्विमान अंकांचा ठरला, म्हणून असे पत्ते २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. हे पुरणार नाहीत हे १९९० च्या सुमारास दिसू लागले. १९९४ मध्ये पत्ते बदलून देण्याची युक्ती मांडली गेली, आणि त्याच वर्षी काही पत्ते केवळ आतल्या वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातील घरात आणि लंडनमधील घरात आतल्या यंत्राचा पत्ता अगदी एकच असू शकतो, तरी घोटाळा होत नाही. 'माजघर' प्रत्येक वाड्यात असते; पोस्टमनला मात्र वाड्याचाच पत्ता लागतो. राउटर हे वाड्याचे दार. आतून कोणी पत्र पाठवले तर त्याचे उत्तर तो आत पोचवतो. बाहेरून कोणी आपण होऊन आला तर त्याला कोणाकडे न्यावे हे त्याला ठाऊकच नसते. टंचाईपोटी केलेल्या सोयीने असा आडोसा आयता मिळाला.

आडोसा नसलेल्या संगणकाचे काय होते हे महाराष्ट्राने लवकरच पाहिले. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. मे १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्या झाल्या आणि पुढच्याच महिन्यात मुंबईच्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत परदेशी किशोरवयीन मुलांचा एक गट शिरला. त्यांनी काही मेगाबाइट पत्रव्यवहार उचलला आणि केंद्राच्या संकेतस्थळावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र लावून ठेवले. केंद्राने घुसखोरी मान्य केली, पण महत्त्वाची माहिती त्या यंत्रांवर नव्हतीच असे सांगितले. म्हणजे जे बाहेरच्या जगाशी जोडलेले नव्हते ते वाचले. माझ्या मते या प्रकरणातला हाच भाग वर्गात सांगण्याजोगा आहे. मुलांच्या करामतीची चर्चा मात्र अधिक झाली.

घरगुती पेट्यांचा प्रवास नेमका उलट्या दिशेने झाला. त्या आत होत्या, त्यांना बाहेर आणले गेले. परगावी असताना घरचे फोटो पाहता यावेत ही ग्राहकाची मागणी होती, आणि ती रास्तच होती. १९९९ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून 'यूपीएनपी' नावाच्या पद्धतीसाठी मंच स्थापन केला. या पद्धतीत आतले यंत्रच राउटरला सांगू शकते, की बाहेरून अमुक क्रमांकाच्या दारावर कोणी आला तर त्याला माझ्याकडे पाठव. राउटर सहसा ना ओळख विचारतो, ना घरमालकाची परवानगी घेतो. दार उघडल्याचे घरात कोणाला कळतही नाही.

एवढ्या कोट्यवधी दारांत आपलेच कोण शोधणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी 'झेडमॅप' हे साधन तयार केले. एका संगणकावरून, वेगवान जोडणी असल्यास, ते सर्व पत्त्यांवर पाऊण तासाच्या आत टकटक करून येते. विद्यार्थ्यांना भागाकार करायला द्यावा: राखीव पत्ते वगळले तरी सेकंदाला तेरा-चौदा लाख दारे होतात.

यानंतर जे घडले ते आश्चर्याचे नव्हते. ऑगस्ट २०१४ मध्ये सिनॉलॉजी कंपनीच्या पेट्यांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागण्यात आली. ज्या छिद्रातून हे झाले त्याची दुरुस्ती डिसेंबर २०१३ मध्येच निघाली होती. ती बसवली नव्हती अशाच पेट्या सापडल्या. एप्रिल २०२१ मध्ये क्यूनॅपच्या पेट्यांवर तीच पाळी आली.

सर्वांत बोलके उदाहरण वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह'चे आहे. जून २०२१ च्या २३ आणि २४ तारखांना जगभरच्या असंख्य मालकांना आपल्या पेट्या कोऱ्या झालेल्या आढळल्या. खंडणीची मागणीही नव्हती. पेटी मूळ स्थितीत आणण्याची आज्ञा कोणीतरी दुरून दिली होती. ही आज्ञा पाळण्यापूर्वी परवलीचा शब्द विचारणाऱ्या ओळी आज्ञावलीत होत्या, पण त्यांच्या आरंभी दोन तिरप्या रेघा होत्या. अशी खूण केलेली ओळ संगणक टिपण समजून वगळतो. कंपनीच्या सांगण्यानुसार ही चूक एप्रिल २०११ मध्ये, आज्ञावलीची फेररचना करताना शिरली. दहा वर्षे दार बिनकडीचे होते आणि २०१५ नंतर त्या पेटीसाठी दुरुस्ती निघणेच थांबले होते. कंपनीने पुढे माहिती परत मिळवून देण्याची सोय केली. पण ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली होती त्यांना तिची वाट पाहावी लागली नाही.

पेटी चालू असते, दिवा लुकलुकत असतो, आणि तिचा निर्माता तिला केव्हाच विसरलेला असतो. एप्रिल २०२४ मध्ये डी-लिंकच्या काही जुन्या पेट्यांत कारखान्यातच घातलेले, परवलीचा शब्द नसलेले एक खाते उघडकीला आले, तेव्हा कंपनीचे उत्तर होते, की ही यंत्रे कालबाह्य आहेत, बदला. त्याच महिन्याच्या २९ तारखेपासून ब्रिटनमध्ये अशा वस्तू विकताना सर्वांना एकच परवलीचा शब्द देण्यास बंदी आली आणि दुरुस्त्या निदान कोणत्या तारखेपर्यंत मिळतील हे जाहीर करणे सक्तीचे झाले. आपल्याकडे खोक्यावर वॉरंटीची मुदत छापलेली असते. ही दुसरी तारीख दुकानदाराला विचारून पाहावी.