शून्य-एकांतून अक्षर

जावा शिकणारे विद्यार्थी एक छोटा प्रोग्रॅम हमखास लिहितात. शून्य-एकांची ओळ घ्यायची, आठ-आठ अंकांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची संख्या काढायची आणि त्या क्रमांकाचे अक्षर छापायचे. ०१०००००१ म्हणजे ६५, आणि ६५ म्हणजे रोमन लिपीतला मोठा ‘ए’. पण हे ठरवले कोणी?

दोनच चिन्हांत सारी अक्षरे लिहिण्याची रीत फ्रान्सिस बेकनने १६२३ मध्ये प्रसिद्ध केली. पाच जागा, प्रत्येकीत दोन पर्याय, म्हणजे ३२ जुळण्या. त्याच्या २४ अक्षरांना त्या पुरून उरल्या. त्याला हवे होते गुप्तलेखन. फ्रान्सच्या एमिल बोदोने १८७४ मध्ये पेटंट घेतलेल्या तारयंत्रातही पाचच खुणा होत्या. अक्षरे आणि अंक मिळून ३२ मध्ये मावेनात, तेव्हा ‘येथून पुढे अंक समजा’ असा खास संकेत आला. तो वाटेत बिघडला, की पुढचा मजकूर निरर्थक!

अमेरिकेत १९६३ मध्ये ‘आस्की’ हा सात बिटांचा, १२८ जागांचा संकेत ठरला. आपला ६५ तिथला. १९६७ च्या आवृत्तीत लहान ‘ए’ला ९७ मिळाला. फरक बरोबर ३२, म्हणजे एकाच बिटाचा. ही सोय मोठी देखणी आहे.

देवनागरीला यात जागा नव्हती. ती युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत मिळाली. अक्षरांची मांडणी ‘इस्की’ या भारतीय संकेतावरून घेतलेली होती. तेव्हा १६ बिट, म्हणजे ६५,५३६ जागा, जगाला पुरतील असे वाटत होते. त्याच समजुतीने जावाने अक्षरासाठी १६ बिट राखले. जावाची पहिली आवृत्ती १९९६ ची, आणि त्याच वर्षी युनिकोडने ती मर्यादा ओलांडली.

आता ‘म’ घ्या. त्याचा युनिकोड क्रमांक २३५०. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत तो तीन बाइटांत लिहितात : २२४, १६४, १७४. वरचा प्रोग्रॅम याची तीन अक्षरे करतो : डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान ‘ए’, चलनाची एक खूण आणि वर्तुळातला ‘आर’. ‘म’ कुठेच नाही. म्हणून बाइट सुटे सुटे छापू नयेत. सगळे एका ॲरेमध्ये जमा करावेत आणि ‘हे यूटीएफ-८ आहे’ असे सांगून एकदम वाचावेत. पद्धतीचे नाव स्पष्ट लिहावे, कारण २०२२ च्या जावा १८ पर्यंत ते न लिहिल्यास त्या त्या संगणकाची ठरलेली पद्धत वापरली जाई, आणि एकच प्रोग्रॅम शाळेतल्या दोन संगणकांवर दोन वेगळी उत्तरे देऊ शके.