धाव ते मॅगव्हील : चाकावरच्या काळ्या भुकटीचा इतिहास

मागचं व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ माझ्यापाशी थांबले. म्हणाले, "सर, इतिहासाचं ठीक आहे, पण माझ्या नव्या गाडीची मॅगव्हील आठ दिवसांत काळी पडतात, आणि पुढचीच जास्त पडतात. त्याचं काय?" मी हसलो आणि घरी गेलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण चाकावरच्या त्या भुकटीलाही इतिहास आहे, आणि तो आपल्या परभणीतूनच सांगता येतो.

सुरुवात बैलगाडीपासून करू. मधे तुंबा, त्यात बसवलेले आरे, भोवती लाकडी पुठ्ठे आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. सुतारानं चाक घडवायचं आणि लोहारानं धाव चढवायची. गोवऱ्यांच्या आरात धाव लाल होईपर्यंत तापवली की ती प्रसरण पावते. तशीच ती चाकावर बसवून वर पाणी ओतलं की आकसते आणि चाक घट्ट होतं. हे चाकही काळं व्हायचंच. आसाला वंगण लागायचं. तेलात जळालेल्या चिंध्यांची राख कालवलेलं ते वंगण, त्यावर आपल्या काळ्या मातीची धूळ. गाडीत बसताना धोतर सांभाळा, असं म्हातारी माणसं सांगत ती याच वंगणापायी. पण हा काळेपणा वंगणाचा होता, ब्रेकचा नव्हता. सपाट रानात बैलांचा कासराच ब्रेक होता.

ब्रेकची भुकटी आपल्याकडे आधी आणली ती रेल्वेनं. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद आणि मनमाड यांना जोडणारा मीटरगेज मार्ग निजामाच्या राज्यातून आला, आणि परभणी, पूर्णा ही नावं रेल्वेच्या नकाशावर चढली. आगगाडीच्या चाकावर ओतीव लोखंडाचा ठोकळा दाबला की गाडी थांबते. ठोकळा झिजतो, त्याचा चुरा खाली पडतो आणि पावसापाण्यानं गंजतो. म्हणून गाड्या रोज जिथे ब्रेक लावून थांबतात, तिथल्या खडीवर तांबूस-तपकिरी थर चढतो.

मग मोटार आली. निजामाच्या रेल्वेनं 1932 साली 27 बस घेऊन रस्ता वाहतुकीचा विभाग सुरू केला. त्या काळच्या मोटारींचे ब्रेक म्हणजे ड्रम. बंद डब्यासारखं भांडं चाकाबरोबर फिरतं आणि आतले लायनर पसरून त्याला घासतात. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं 1897 साली घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी लायनर बनवायला घेतले. चढउतारांच्या मुलखातले गाडीवान लाकडी ब्रेकला जुन्या बुटाचं चामडं ठोकतात, हे पाहून त्याला कल्पना सुचली, असं सांगतात. पुढे या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आलं. ते उष्णता सोसतं, स्वस्त पडतं आणि टिकतं. कित्येक दशकं जगभर हाच माल चालला. अँबेसेडर काय, पद्मिनी काय, चारी चाकांना ड्रम. भुकटी तेव्हाही होत होती, पण ती डब्यात राहायची आणि मालकाला दिसायची नाही.

दिसायची कोणाला? गॅरेजमधल्या पोराला. ड्रम उघडला की तो फुंकर मारायचा किंवा हवेची नळी लावायचा, आणि ढग थेट तोंडावर. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुफ्फुसात अडकतात आणि त्यांचा कर्करोग कित्येक वर्षांनी डोकं वर काढतो. युरोपीय संघानं 2005 पासून अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदी आणली. आज नामांकित कंपन्यांचे पॅड अ‍ॅस्बेस्टॉसविरहित असतात, पण स्वस्तातल्या बिननावाच्या मालात काय घातलंय ते डोळ्यांना दिसत नाही.

आता मॅगव्हीलकडे येऊ. बुगाटीच्या शर्यतीच्या गाडीनं 1924 साली अॅल्युमिनियमची ओतीव चाकं मिरवली. डिस्क ब्रेकचं पेटंट लँचेस्टरनं 1902 सालीच घेतलं होतं, पण त्याचं नाव झालं 1953 साली, जेव्हा जॅग्वारनं ल मान्सची शर्यत डिस्क ब्रेकवर जिंकली. शर्यतीतल्या या दोन्ही गोष्टी हळूहळू घरगुती गाडीत आल्या. डिस्क उघडी आणि चाकही उघडं. डब्यातली भुकटी चव्हाट्यावर आली ती अशी. गाडी थांबताना वजन पुढे झुकतं, म्हणून पुढच्या ब्रेकना जास्त काम पडतं आणि पुढची चाकं जास्त काळी होतात. त्या गृहस्थांच्या अर्ध्या प्रश्नाचं हे उत्तर.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" हे आपलं लाडकं वाक्य. पण या बाबतीत जर्मनीशी बरोबरी नको. (हशा) युरोपीय पद्धतीच्या पॅडमध्ये धातूचं प्रमाण जास्त असतं. ते पकडतात छान, पण भुकटीही भरपूर सोडतात. सिरॅमिक पॅड भुकटी कमी करतात.

ही भुकटी म्हणजे मुख्यतः डिस्कच्या लोखंडाचा आणि पॅडचा चुरा. तो गरम असतानाच उडतो आणि चाकावरच्या पारदर्शक लॅकरला चिकटतो. दमट हवेत त्यातलं लोखंड गंजतं आणि डाग आत मुरतो. एकदा लॅकर फाटलं की खालचं अॅल्युमिनियम उघडं पडतं, मग ते चाक पूर्ववत होत नाही.

उरलेल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर साधं आहे. चाक आठवड्याला धुवा, पण गार झाल्यावर. परभणीच्या मे महिन्यात भर दुपारी गाडी थांबवून लगेच पाणी मारू नका. पाण्याचा पाइप सोडायचीही गरज नाही, एक बादली पुरते. गाडीचा शाम्पू, मऊ ब्रश आणि चाकासाठी वेगळं फडकं घ्या. बॉडीच्या फडक्यानं चाक पुसलं तर तोच लोखंडी चुरा पुढे रंगावर ओरखडे काढतो. संडास साफ करायचं अॅसिड चुकूनही लावू नका. मुरलेल्या डागासाठी लोखंड विरघळवणारं द्रावण मिळतं, ते लोखंडाला लागलं की जांभळं होतं. बोअरचं पाणी जड असतं, म्हणून चाक पुसून कोरडं करा, नाहीतर काळ्याच्या जागी पांढरे डाग येतील. शेवटी चाकावर मेण किंवा सिरॅमिक कोटिंग द्या, म्हणजे भुकटी घट्ट बसत नाही. मात्र ते डिस्कला लागता कामा नये, नाहीतर गाडी थांबायची नाही. आणि कोरडी भुकटी हवेच्या नळीनं कधीही उडवू नका. आधी ओली करा, मग पुसा.

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चाकावर चिकटते ती भुकटी थोडी, बाकीची हवेत आणि रस्त्याकडेला जाते. युरोपीय संघानं 2024 साली मंजूर केलेल्या युरो 7 नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या कणांवर मर्यादा घातली. बहुतेक मोटारींना किलोमीटरला 7 मिलिग्रॅम आणि बॅटरीवरच्या गाड्यांना 3, कारण त्यांचा वेग बराचसा मोटरच कमी करते. वर्षाला 15,000 किलोमीटर धरले तर 7 च्या हिशेबानं 105 ग्रॅम झाले. म्हणजे नियम पाळणाऱ्या एका गाडीमागेही वर्षाला जवळपास अर्धा पाव बारीक धूळ. आता आपल्या बसस्टँडच्या चौकात दिवसभर उभा राहणारा भाजीवाला डोळ्यांसमोर आणा.

तेव्हा पुढच्या रविवारी चाक पुसाल, तेव्हा फडक्यावरच्या काळ्या डागाकडे नीट पाहा. तो आपल्याला दिसला, हे मॅगव्हीलचे उपकारच. पन्नास वर्षं तो ड्रमच्या आत होता आणि कोणीतरी पोरगा तो श्वासावाटे घेत होता. तुमच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये आजही कोणी नळीनं ड्रम फुंकत असेल, तर त्याला एवढं सांगा : "बाळा, आधी पाणी मार."