कुलूप लावलेली खोली

वरिष्ठ तपासणीला येणार म्हटले की सरकारी कचेरीत काय धावपळ उडते, हे त्यात नोकरी केलेल्यांना सांगायला नको. एकदा आमच्याकडे अशीच तपासणी होती. पावसाने भिजून बुरशी धरलेली जुनी दफ्तरे आम्ही एका खोलीत कोंबली आणि कुलूप घातले. घालणारा मीच. साहेबांनी दाखवले तेवढे पाहिले, चहा घेतला आणि चांगला शेरा लिहून गेले.

हे आठवले 'हॉलीवूडगेट' या माहितीपटामुळे. नावावर जाऊ नका, सिनेमानगरीशी त्याचा संबंध नाही. काबूलमधल्या एका अमेरिकी तळाचे ते नाव.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल घेतले आणि ३० ऑगस्टच्या रात्री शेवटचे अमेरिकी लष्करी विमान उडाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत इब्राहिम नशात हा बर्लिनवासी इजिप्शियन पत्रकार तिथे पोचला. तालिबानच्या हवाई दलाचा प्रमुख मौलवी मन्सूर आणि मुख्तार नावाचा एक अधिकारी, या दोघांमागे कॅमेरा घेऊन फिरायची परवानगी त्याने मिळवली. अट अशी, की त्यांचेच चित्रण करायचे. सामान्य अफगाणांच्या हालअपेष्टांकडे कॅमेरा वळवायचा नाही. राजवटीला आपला विजय जगाला दाखवायचा होता आणि याला राजवट आतून पाहायची होती. व्यवहार जमला तो एवढ्यावरच.

मला सर्वांत लक्षात राहिला तो कोठारांचा भाग. अमेरिकेने अफगाण सैन्याला दिलेली सुमारे ७ अब्ज डॉलरची सामग्री मागे राहिली होती. काबूल विमानतळावरची ७३ विमाने तर अमेरिकनांनी निकामी करून ठेवली होती. नवा चार्ज घेणाऱ्या अधिकाऱ्यासारखी ही मंडळी एकेक खोली उघडत जातात. औषधांचे ढीग सापडतात, पण मुदत उलटलेली. व्यायामाची ट्रेडमिल दिसताच मन्सूर ती स्वतःसाठी पाठवून द्यायला सांगतो! डेड स्टॉक रजिस्टर सांभाळणाऱ्याला हा प्रसंग परका वाटणार नाही. हसू येते, पण वर्षभराने बगरामच्या संचलनावर तीच दुरुस्त केलेली हेलिकॉप्टरे घिरट्या घालतात तेव्हा ते ओठांवरच थिजते.

या पटाच्या निर्मात्यांपैकी एक तलाल देर्की. त्याने स्वतः सीरियात जिहाद्यांचा सहानुभूतीदार असल्याचे सोंग घेऊन 'ऑफ फादर्स अँड सन्स' (२०१७) केला होता. नशातने सोंग न घेता परवानगी घेतली. पण परवानगीने काढलेले चित्र म्हणजे राजवटीची जाहिरातच नव्हे का? २०२३ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पट दाखवला गेला तेव्हापासून काही जण हा आक्षेप घेत आले आहेत, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पटात बायका जवळजवळ नाहीतच. ज्या काळात हे चित्रण चालले होते, त्याच काळात सहावीच्या पुढच्या मुलींच्या शाळा बंद होत्या. मन्सूर मात्र सहज सांगून जातो, की बायको डॉक्टर होती, लग्नानंतर तिला काम सोडायला लावले. एवढेच. ती बाई आपल्याला दिसत नाही.

माझे मत विचाराल तर पट जाहिरात होत नाही. कारण नशात सुरुवातीलाच स्वतःच्या आवाजात सांगून टाकतो, की मला काय दाखवायची मुभा आहे आणि काय नाही. त्यामुळे पाहणारा सगळा वेळ चौकटीबाहेरच्यांना शोधत राहतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी दिल्लीत आले. अफगाण दूतावासातल्या त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत एकही महिला पत्रकार नव्हती. ओरड झाली, तेव्हा दोन दिवसांनी दुसरी परिषद घेऊन त्यांना बोलावले गेले. ओरड झाली नसती तर?

आमच्या त्या साहेबांना कुलूप दिसले होते. 'आत काय आहे?' असे त्यांनी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. त्यांच्या शेऱ्यात ती खोलीच नाही. असो.